खोली का घुमते आणि भिंतीपलीकडचं का ऐकू येतं: इमारतींमधल्या आवाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतीतल्या आवाजाची आठवण लोकांना बहुधा रंगकाम संपल्यावर होते. तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात, फरशी बसलेली असते, आणि मग पहिल्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "मागे काही कळत नाहीये." खाली दिलेले प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. काहींची उत्तरं लांब आहेत, कारण तिथेच लोकांचे पैसे आणि श्रम वाया जातात.

खोली साउंडप्रूफ करायची आहे. भिंतींना काय लावू?

लावण्याआधी त्रास कोणता आहे ते ठरवा. खोलीत बोललेलं खोलीतच घुमत राहतं, की बाहेरचा आवाज आत येतो (किंवा आतला बाहेर जातो)? हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पहिल्यावर उपाय ध्वनिशोषण, म्हणजे भिंतीवर आदळलेला आवाज परत न फिरू देणं. दुसऱ्यावर उपाय ध्वनिरोध, म्हणजे आवाज पलीकडे जाऊच न देणं.

शोषणासाठी लागतं मऊ, सच्छिद्र, हवा आत शिरू देणारं साहित्य: ग्लासवूल आणि रॉकवूल (काचेच्या आणि दगडाच्या तंतूंची लोकर), जाड पडदे, गालिचा. हवेचे कण त्या बारीक पोकळ्यांमध्ये पुढेमागे होताना घासतात आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जिरते. रोधासाठी लागतं नेमकं उलट: जड, भरीव आणि कुठेही फट नसलेलं काहीतरी. ज्यातून फुंकर आरपार जाते, त्यातून आवाजही जातो. म्हणून शेजारच्या आवाजाला कंटाळून भिंतभर फोम चिकटवणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. त्याची स्वतःची खोली कमी घुमते, शेजारचं मात्र जवळपास तेवढंच ऐकू येतं. अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांत कुचकामी आहेत.

या एका गोंधळापायी जितका खर्च वाया गेलेला मी पाहिला आहे, तितका दुसऱ्या कशापायीही नाही. म्हणून हा प्रश्न पहिला घेतला.

डेसिबलचे आकडे कसे वाचायचे?

डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप, पण ते सरळ बेरजेचं नाही. दोन सारखी यंत्रं एकत्र चालू केली तर आवाज दुप्पट डेसिबल होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला साधारण दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबलची वाढ लागते. म्हणून "आवाज ३ डेसिबलने कमी होईल" असं कुणी सांगितलं, तर ऊर्जा निम्मी झाली हे खरं, पण कानाला फरक जेमतेम जाणवेल.

भिंत जाड केली की आवाज थांबतो ना?

थांबतो, पण वाटतं त्यापेक्षा कमी. आवाज भिंतीवर आदळला की भिंत एखाद्या अवजड पडद्यासारखी किंचित थरथरते आणि पलीकडची हवा हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. एकसंध भिंतीचं वजन दुप्पट केलं की रोध साधारण ५ ते ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट, जागा गेली, पायावरचा भार वाढला आणि हाती आले ५ डेसिबल.

यापेक्षा शहाणा मार्ग म्हणजे एका जाड भिंतीऐवजी एकमेकींना न चिकटलेल्या दोन भिंती. मध्ये पोकळी, पोकळीत रॉकवूल, आणि दोन्ही पडद्यांना जोडणारं कडक काहीही नाही. जिप्सम बोर्डाच्या चांगल्या दुहेरी भिंती वजनाने कितीतरी हलक्या असूनही विटांच्या भिंतीच्या तोडीचं काम करतात, ते यामुळेच. मात्र दोन्ही बाजूंना एकाच पट्टीवर स्क्रू मारले, किंवा पोकळीत सिमेंटचा गोळा अडकून राहिला, तर थरथर त्या पुलावरून सरळ पलीकडे जाते आणि दुहेरीपणाचा बराचसा फायदा जातो. कारागीर चांगला असूनही हे घडतं. का जपायचं ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

भिंत उत्तम आहे, तरीही सगळं ऐकू येतं. असं का?

दाराकडे बघा. समजा भिंत ४५ डेसिबल अडवते. एकूण १० चौरस मीटरच्या त्या भिंतीत २ चौरस मीटरचं, २० डेसिबल अडवणारं पोकळ दार बसवलं, तर सगळ्याचा मिळून रोध राहतो सुमारे २७ डेसिबल. भिंतीवर केलेला खर्च दारातून निघून गेला.

फटीचं गणित तर याहून निष्ठुर आहे. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटरची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा जेमतेम अर्धा टक्का. तेवढ्याने त्या दाराची कमाल मर्यादा साधारण २३ डेसिबलवर येते, मग दार शिशाचं केलं तरी. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी दाराच्या चौकटीला रबरी पट्टी आणि खाली पडणारी सीलपट्टी, मग पाठीला पाठ लावून बसवलेले विजेचे बोर्ड, मग एसीच्या पाइपाभोवतीची भोकं, मग फॉल्स सीलिंगच्या वरची बाजू. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेऊन थांबवलेलं असेल तर दोन खोल्यांचा पोटमाळा एकच असतो, आणि आवाज वरून उडी मारून येतो. एवढं झाल्यावरच भिंतीचा विचार.

दुहेरी काचेची खिडकी बसवली, पण ट्रकची घरघर तशीच आहे.

दोन काचा आणि मधली हवा मिळून एक स्प्रिंग तयार होते. काचा वजनं, हवा स्प्रिंग. ६ मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये १२ मिलिमीटर हवा असेल तर ही जोडी २०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २०० कंपनांच्या) आसपास स्वतःच डोलू लागते. रहदारीच्या खालच्या सुरातल्या आवाजाची बरीच ऊर्जा त्याच सुमारास आणि त्याखाली असते. म्हणजे उष्णतेसाठी बनवलेली खिडकी खर्जातल्या आवाजापुढे उघडी पडते.

मधलं अंतर १० सेंटिमीटर केलं की ही डोलण्याची वारंवारता ७० हर्ट्झपर्यंत खाली उतरते आणि फरक स्पष्ट कळतो. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्याव्यात. प्रत्येक काच एका ठराविक सुराला कमजोर असते, ६ मिलिमीटरची काच साधारण २००० हर्ट्झला. दोन्ही सारख्या असल्या तर दोघींची कमजोरी एकाच ठिकाणी येते.

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की डोक्यात घुसते. छताला काय लावू?

खालून लावलेल्या कशाचाही फारसा उपयोग होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथे आवाज हवेतून येत नाही. पाऊल किंवा खुर्ची थेट स्लॅबला ठोकते आणि तो कंप स्लॅबमधून भिंतींमध्येही उतरतो. छत झाकलं तरी भिंती बोलत राहतात. ठोका जिथे बसतो तिथेच तो मऊ करायला हवा: वर गालिचा, खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे. बांधकाम चालू असेल तर फरशीखाली लवचीक थर घालून तरंगती फरशी करता येते. तिची कड भिंतीला कुठेही टेकता कामा नये. वरच्या घरातल्या माणसांशी नीट बोलणं हाही या यादीतला खरा तांत्रिक उपाय आहे, कारण इलाज त्यांच्याच मजल्यावर आहे.

घुमणं आणि प्रतिध्वनी एकच का?

नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तो भिंतीवर आपटून मूळ आवाजानंतर सुमारे ५० सहस्रांश सेकंदांच्या आत परत आला, तर कान तो मूळ शब्दातच मिसळून घेतो. उलट त्यामुळे शब्द भरदार वाटतो. त्याहून उशिरा आणि पुरेशा जोराने आला तर तो वेगळा ऐकू येतो. हा प्रतिध्वनी. त्यासाठी जाऊनयेऊन १७ मीटरचा, म्हणजे साडेआठ मीटर दूरच्या भिंतीचा फेरा पुरतो.

घुमणं, ज्याला शास्त्रात निनाद म्हणतात, ते शेकडो परावर्तनांचं एकमेकांत विरघळलेलं शेपूट आहे. त्यात सुटे पडसाद ओळखू येत नाहीत, फक्त आवाज हळूहळू विझताना ऐकू येतो. आवाजाचा स्रोत थांबल्यावर पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ.

हे मोजायला कुणी शिकवलं?

वॉलेस क्लेमेंट सेबाइन यांनी, आणि ही हकीकत मला फार प्रिय आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं आणि त्यात व्याख्यान समजेना. एक शब्द विझायला साडेपाच सेकंदांच्या आसपास वेळ लागत होता. तेवढ्या वेळात वक्ता आणखी दहाबारा शब्द बोलून मोकळा होतो. काम सोपवलं गेलं पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या तरुण सेबाइन यांच्यावर. त्यांच्याजवळ साधनं होती तीन: ५१२ हर्ट्झची ऑर्गनची नळी, वेळ टिपायचं घड्याळ आणि स्वतःचे कान. रात्री सगळीकडे सामसूम झाली की ते जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडत, नळी वाजवत आणि आवाज विझेपर्यंतचा वेळ टिपत. आणखी गाद्या, पुन्हा नळी. पहाट व्हायच्या आत गाद्या परत जागेवर.

त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: निनादकाळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. घनफळ घनमीटरमध्ये आणि शोषण चौरस मीटरमध्ये. शोषणाचं मापही मोठं सुंदर आहे. उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, कारण तिथून गेलेला आवाज परत येत नाही. इतर प्रत्येक वस्तू "ही किती चौरस मीटर उघड्या खिडकीइतकी?" अशी मोजायची. खोलीतला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघडी खिडकी असतो. रिकाम्या सभागृहात तालीम घेऊन समाधानाने घरी गेलेल्यांना प्रयोगाच्या दिवशी सभागृह अनोळखी वाटतं, ते त्यामुळे.

माझ्या खोलीचं गणित करून दाखवाल?

खोली ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच धरू. घनफळ ६० घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर. गिलावा, फरशी आणि काच आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग शोषतात, म्हणजे एकूण शोषण २.८ चौरस मीटर. सूत्रात घाला: निनादकाळ ३.४ सेकंद. अशा रिकाम्या खोलीत दोघं बोलू लागले तरी कलकल होते.

तो ०.६ सेकंदांवर आणायला १६ चौरस मीटर शोषण हवं, म्हणजे १३ चौरस मीटरची भर. छत २० चौरस मीटरचं आहे. त्यावर ७० टक्के शोषणाऱ्या टाइल बसवल्या की १४ चौरस मीटर मिळतात. कागदावर काम झालं. पण सगळं शोषण छतालाच दिलं तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टोलवला जातो आणि टाळीनंतर "टर्रर्र" असा कंप ऐकू येतो. थोडं शोषण एका भिंतीवर हलवा, किंवा तिथे पुस्तकांचं वेडंवाकडं भरलेलं कपाट ठेवा. सूत्र सरासरी सांगतं, जागा सांगत नाही.

निनादकाळ किती असावा?

खोलीत काय होणार त्यावर. बोलण्यासाठी अर्ध्या सेकंदापासून मोठ्या सभागृहात एक सेकंदापर्यंत. ऑपेरासाठी साधारण १.३ ते १.६, सिंफनी वाद्यवृंदासाठी २ सेकंदांच्या आसपास. एकाच सभागृहात भाषण, नाटक आणि संगीत तिन्ही उत्तम होईल असं कुणी म्हणालं तर विचारा, की शोषण कमीजास्त करायची काय सोय आहे? सरकते जाड पडदे, उलटता येणाऱ्या फळ्या, असं काही नसेल तर तीनपैकी एकाची निवड करावी लागते.

सभागृहात मागे समजत नाही. स्पीकरचा आवाज वाढवू का?

वाढवलात की घुमणंही तेवढंच वाढेल. ३००० घनमीटरच्या, ३ सेकंद घुमणाऱ्या सभागृहात वक्त्याच्या तोंडून सरळ येणारा आवाज आणि घुमणारा आवाज अवघ्या अडीच मीटरवर समसमान होतात. त्यापुढे बसलेल्या प्रत्येकाच्या कानावर घुमाराच जास्त पडतो. दोन्हींचं प्रमाण आवाजाच्या बटणाने बदलत नाही. ते बदलतं शोषण वाढवल्याने, किंवा श्रोत्यांकडेच रोखलेले, भिंतींवर कमी सांडणारे स्पीकर जवळ आणल्याने. वक्त्याने सावकाश बोलणं हाही खरा उपाय आहे.

शाळेच्या वर्गाबद्दल एवढं का बोललं जातं?

याचं उत्तर देताना मला तटस्थ राहता येत नाही. मोठ्या माणसाने अर्धा शब्द ऐकला तरी उरलेला तो ओळखीने भरून काढतो. ज्या मुलाने तो शब्द आजच पहिल्यांदा ऐकला, ते कशाच्या जोरावर भरणार? शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावा, अशी मुलांसाठीची शिफारस आहे. रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलपर्यंत आणि निनादकाळ ०.६ सेकंदांपर्यंत असावा असं अमेरिकेच्या २००२ सालच्या वर्गखोल्यांच्या मानकात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शनातही वर्गासाठी ३५ डेसिबलच आहेत.

मी एका वर्गात शेवटच्या बाकावर बसून पाहिलं आहे. फरशी गुळगुळीत, भिंती ऑइलपेंटच्या, छत उघडं. "पंधरा" की "पन्नास" हे मला दोनदा कळलं नाही, आणि विषय मला येत होता. शेजारचं मूल वहीत काहीतरी लिहून घेत होतं. शिक्षिकेचा घसा दुपारपर्यंत बसलेला. त्या मुलाला कुणी "लक्ष नसतं" म्हणालं असेल, तर चूक खोलीची होती. छताला शोषक टाइल आणि मागच्या भिंतीवर कापड लावलेले जाड सूचनाफलक, एवढ्याने असा वर्ग बदलतो.

छोट्या खोलीत एकच खर्जातला सूर फुगतो, बाकीचे हरवतात. का?

खोलीच्या लांबीत अर्धी तरंगलांबी बरोबर मावली की तो सूर तिथे उभा राहतो. ५ मीटरला ३४ हर्ट्झ, ४ मीटरला ४३, ३ मीटरला ५७, आणि त्यांच्या पटी. लांबी, रुंदी, उंची सारखी असेल तर तिन्ही सूर एकावर एक चढतात. म्हणून गाण्यासाठी चौकोनी ठोकळ्यासारखी खोली सर्वांत वाईट. दोन इंची फोम इथे काही करत नाही. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर असते आणि सच्छिद्र थर नीट काम करायला तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी जाडी मागतो. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाड शोषक उभे करा, किंवा पातळ फळीमागे बंद पोकळी ठेवून ती फळीच डोलू द्या. त्याआधी ऐकणाऱ्याची खुर्ची अर्धा मीटर पुढेमागे करून पाहा. तिला काही खर्च नाही.

घुमटाखाली एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला कशी जाते?

आवाज गोल भिंतीला बिलगून, लहानलहान उड्या घेत पुढे सरकतो आणि मध्ये फार विखुरत नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या सज्जातल्या या गमतीचा उलगडा ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रॅले यांनी केला. १९२१ साली चं. वें. रामन यांनी सदरलँड या सहकाऱ्यासह तिथेच प्रयोग केले. विजापूरच्या गोल घुमटाचा सज्जाही यासाठीच प्रसिद्ध आहे. बघायला जायला हे उत्तम, पण सभेसाठी घुमट म्हणजे संकट: अंतर्वक्र छत आवाज एका जागी गोळा करतं आणि बाकीच्यांना उपाशी ठेवतं. सभागृहाला घुमट हवाच असेल तर आतून शोषक लावा, किंवा त्याचं केंद्र श्रोत्यांच्या डोक्याच्या बरंच वर राहील असं बघा.

नावाजलेली संगीतगृहं कशामुळे चांगली?

व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन १८७० सालचं, म्हणजे सेबाइन यांच्या सूत्राआधीचं. अरुंद, उंच, लांबोळकं, बुटांच्या खोक्यासारखं. बॉस्टनचं सिंफनी हॉल १९०० साली सेबाइन यांच्या सल्ल्याने झालं, तेही त्याच घडणीचं. निनादकाळ बरोबर येणं पुरेसं नाही हे जगाला नंतर कळलं. न्यूयॉर्कचं फिलहार्मोनिक हॉल १९६२ साली उघडलं आणि तक्रारी सुरू झाल्या. १९७६ साली आतून पूर्ण बदललं, २०२२ साली पुन्हा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ध्वनितज्ज्ञ हॅरोल्ड मार्शल यांनी दाखवून दिलं, की डाव्याउजव्या भिंतींवरून लवकर येणारी परावर्तनं श्रोत्याला संगीताच्या आत बसवतात. अरुंद खोक्यात ती आपोआप मिळतात, रुंद पंख्यासारख्या सभागृहात मिळत नाहीत. बाजूच्या भिंतींवरचे पुतळे, कोनाडे आणि सज्जे आवाज विखरून मवाळ करतात. शोभेसाठी घडवलेली ती कामं ऐकणाऱ्याच्या कामी आली.

एसीचा आवाज पूर्ण बंद करावा का?

झोपायच्या खोलीत आणि रेकॉर्डिंगच्या जागी शक्य तितका. उघड्या ऑफिसात मात्र अगदी शांतता असेल तर दहा टेबलांपलीकडचा फोनसुद्धा शब्दन्‌शब्द कळतो. तिथे मंद, एकसारखी सळसळ मुद्दाम ठेवतात.

कोणताही फोम चालेल का?

नाही, आणि हे उत्तर गांभीर्याने घ्या. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबात आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. २०१३ साली ब्राझीलमधल्या सांता मारियातल्या नाइटक्लबात अशाच आगीत २४२. पॅकिंगचा साधा पॉलियुरेथेन फोम काही सेकंदांत पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अग्निचाचणीचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय काहीही लावू नका. ग्लासवूल आणि रॉकवूल हे स्वतः जळत नाहीत, वर कापडही तसंच निवडा.

तज्ज्ञाला बोलवण्याआधी मी स्वतः काय तपासू?

खोलीच्या मध्ये उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि विझेपर्यंत ऐका. मग कोपऱ्यात, मग दोन समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध. टर्रर्र कुठे ऐकू येतं ते नकाशावर मांडा. पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून दार बंद करा आणि चौकटीभोवती, बोर्डांपाशी, सांध्यांपाशी कान फिरवा. रात्री दिवा मालवून पलीकडच्या खोलीत प्रकाश ठेवलात तर फटी डोळ्यांनाही दिसतील. मोबाइलवरचं डेसिबल दाखवणारं ॲप तुलनेपुरतं बरं: दार उघडं आणि बंद यातला फरक ते सांगेल. पण त्याचा आकडा शेजाऱ्याशी भांडायला वापरू नका, आणि खर्जाच्या घरघरीबाबत तर त्यावर विसंबूच नका. हे सगळं तारीख आणि वेळेसह लिहून ठेवा. कुणी तपासायला आलं तर पहिल्या तासाभराचं काम तुमच्या त्या कागदावर आधीच झालेलं असेल.